आयर्विन पुलावरची लेव्हल : शक्ती वाढत जाणाऱ्या नायकाची कथा कशी लिहावी

पावसाळ्यात सांगलीत रोज एक आकडा विचारला जातो : आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले? १९२९ साली बांधून झालेल्या या पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. आकडा नुसता पाहिला तर त्यात काही नाही. पण पाणी कितीवर गेले की सूर्यवंशी प्लॉटात शिरते, कितीवर गेले की कर्नाळ रस्ता बंद होतो आणि त्यानंतर आपल्या गल्लीची पाळी कधी येते, हे नदीकाठच्या माणसाला पाठ असते. म्हणूनच ‘अडतीस’ एवढा एक शब्द कानावर पडला की तो धान्याचे डबे माळ्यावर चढवू लागतो. लेव्हल चढत जाणाऱ्या सुपरहिरोची कथा लिहिताना वाचकाच्या मनात आकड्याला हेच वजन मिळवून द्यायचे असते, आणि ते कसे मिळवून द्यायचे याविषयी हा लेख आहे.

या प्रकाराची ओळख थोडक्यात करून देतो. पात्राची लेव्हल, त्याने मिळवलेला अनुभव आणि अनुभवाचा ठरावीक साठा झाला की मिळणारी बढती, ही मांडणी १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळामुळे रूढ झाली, तिथून ती संगणकावरील आणि मोबाइलवरील खेळांत गेली आणि पुढे कथांमध्ये आली. नेहमीच्या सुपरहिरोला शक्ती एकदम मिळते आणि कथा ती शक्ती तो कशी वापरतो याची असते. आपल्या प्रकारात शक्ती पायरीपायरीने कमवावी लागते आणि तिचा हिशेब वाचकासमोर उघडा असतो. वाचक या हिशेबासाठीच भागामागून भाग वाचत राहतो. त्यामुळे ‘तो आता लेव्हल ४२ वर पोहोचला’ असे वाक्य लिहिताना लेव्हल ४१ ला त्याला काय जमत नव्हते हे वाचकाला आधीच माहीत नसेल, तर ते वाक्य कितीही आवेशाने लिहिले तरी पोकळ राहते.

एकच शक्ती घ्या आणि ती मोजता येईल अशी घ्या

नवे लेखक पहिल्याच भागात नायकाला वेग, बळ, अग्नी, उडणे आणि जखम भरून येणे असे सगळे देऊन टाकतात. असे केले की पुढे वाढायला जागाच उरत नाही. माझा आग्रह असा आहे की शक्ती एकच असावी आणि ती किलो, मीटर, सेकंद, फूट अशा एखाद्या रोजच्या मापात मोजता यावी. मनातले विचार ओळखण्यासारखी शक्ती मोजणे अवघड असते, म्हणून पहिल्या कथेसाठी ती टाळलेली बरी.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. वैजयंती ऊर्फ वैजू ही सांगलीवाडीत राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत नोंदी ठेवण्याचे काम करते आणि तिचे वडील तिथेच हमाल होते. तिची शक्ती अशी की एखाद्या वस्तूचे वजन ती स्वतःच्या अंगावर घेऊ शकते. वस्तू जागच्या जागी राहते, तिचा भार मात्र वैजूच्या खांद्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. हा भार तिला दगडावर किंवा जमिनीवर तळहात टेकवून उतरवावा लागतो, आणि तो उतरला की त्याच क्षणी वस्तूला तिचे वजन परत मिळते.

शक्तीचे वर्णन करताना तिची किंमतही त्याच दमात लिहावी. वैजूला भार घेऊन फार वेळ उभे राहता येत नाही, आणि मर्यादेच्या वर जितके टक्के भार घेतला तितके दिवस तिचे गुडघे धरलेले राहतात. ही किंमत वाचकाला दिसली की प्रत्येक प्रसंगात तो स्वतःच हिशेब करू लागतो, आणि त्याने हिशेब करणे म्हणजेच त्याचे कथेत गुंतणे.

वाढीचा दर आधी कागदावर मांडा

या भागाकडे बहुतेक लेखक दुर्लक्ष करतात, म्हणून इथे जरा थांबतो. समजा, लेव्हल १ ला वैजू ५० किलो, म्हणजे हळदीच्या एका पोत्याएवढा भार पेलते. प्रत्येक लेव्हलला ताकद दुप्पट केली तर ऐकायला छान वाटते. लेव्हल ११ ला ती ५१ टन पेलते, तेही एक वेळ चालून जाईल. पण कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी आहे, म्हणजे जवळपास २९८ कोटी टन पाणी. आणि दुपटीच्या हिशेबाने लेव्हल ३७ ला वैजू ते सगळे पाणी एकटी पेलू शकते. लेव्हल ३७ ही काही फार मोठी संख्या नव्हे, शंभर भागांच्या कथेत ती सहज गाठली जाते. त्यानंतर सांगलीतला कोणताही प्रसंग तिच्यासाठी प्रसंग राहत नाही, आणि लेखकाला दुसऱ्या ग्रहावरचे राक्षस आणावे लागतात. कथा गाव सोडून जाते ती बहुधा अशा दुपटीमुळेच.

त्याऐवजी सव्वापट धरा. ५० किलोपासून प्रत्येक लेव्हलला सव्वापट केले तर लेव्हल ७ ला १९० किलो, लेव्हल ११ ला सुमारे ४६५ किलो, लेव्हल २१ ला ४.३ टन, लेव्हल २५ ला १०.६ टन आणि लेव्हल ३७ ला १५४ टन होतात. आता याच आकड्यांसमोर गावातल्या वस्तू लिहा : एक पोते, मोटारसायकल आणि तिच्यावरचा माणूस, बैलगाडी, रिकामा टेम्पो, एसटी बस. आपल्या कथेपुरती एसटी दहा टनांची धरली तर लेव्हल २५ ला वैजू रिकामी बस पेलते. पण बसमध्ये सरासरी ६० किलोचे ४० प्रवासी असतील तर आणखी २.४ टन वाढतात आणि एकूण भार १२.४ टनांवर जातो. तो तिला लेव्हल २६ ला, म्हणजे १३.२ टनांची मर्यादा झाल्यावरच, पेलता येईल. पुराच्या पाण्यात कलंडलेल्या बसपाशी ती लेव्हल २५ वर उभी आहे, एवढे सांगितले की प्रसंग आपोआप उभा राहतो. प्रवासी एकेक करून खाली उतरवायचे, की मर्यादेच्या १७ टक्के वर जाऊन १७ दिवस गुडघे गमवायचे? कोणत्याही राक्षसाशिवाय मिळालेला हा ताण केवळ दर नीट निवडल्यामुळे मिळाला आहे.

सव्वापटच घ्या असे मी म्हणत नाही. दीडपटही चालेल, पण मग लेव्हलची संख्या कमी ठेवा. शेवटच्या लेव्हलचा आकडा पहिला भाग लिहिण्यापूर्वीच काढून पाहावा आणि त्या ताकदीपुढेही गावात काही अवघड उरते का, हे स्वतःला विचारावे.

अनुभव कशाचा मिळतो, यावर नायकाचा स्वभाव ठरतो

शत्रूला मारल्यावर अनुभव मिळतो हा खेळांमधला सोपा नियम कथेत जसाच्या तसा घेतला तर नायक हळूहळू मारेकरी होतो, आणि लेखकाला ते दिसतही नाही. लोकांना वाचवल्याबद्दल अनुभव द्यायचा ठरवला तरी एक बारीक पेच येतोच : संकट जितके मोठे तितका लाभ मोठा, त्यामुळे संकट वाढू द्यावे असा मोह नायकाला होऊ शकतो. तो पेच लपवू नका, कथेत घ्या. मात्र नियम निवडताना तो ओळखलेला असावा.

वैजूच्या बाबतीत मी नियम असा ठेवला आहे की अनुभव भार उचलल्याबद्दल मिळत नाही, तो सुखरूप उतरवल्याबद्दल मिळतो. हमालाच्या मुलीला हा नियम शोभतो, कारण पोते पाठीवर घेण्यापेक्षा ते थप्पीवर नीट लावणे हेच त्या कामातले खरे कसब असते. अनुभव किती मिळावा हे किलोवर ठरवले तर पुढे घोटाळा होतो : लेव्हल २४ ला साडेआठ टन उतरवल्यावर साडेआठ हजार अनुभव मिळाला तर एका दमात तीन लेव्हल ओलांडल्या जातील. म्हणून तो मर्यादेच्या प्रमाणात द्यावा. पूर्ण मर्यादेचा भार सुखरूप उतरवला तर १००, निम्म्या मर्यादेचा उतरवला तर ५०, असा.

प्रत्येक लेव्हलला लागणारा अनुभव त्या लेव्हलच्या शंभरपट ठेवला, म्हणजे १ वरून २ वर जायला १००, २ वरून ३ वर जायला २००, तर लेव्हल २५ गाठायला एकूण ३०,००० अनुभव लागतो. एका भागात सरासरी ३०० अनुभव मिळत असेल तर हे अंतर १०० भागांत पार होते. पहिल्या भागातच वैजू लेव्हल ३ वर पोहोचते, त्यामुळे नव्या वाचकाला वाढीची गोडी लागते, आणि शेवटची एक लेव्हल मिळवायला तिला आठ भाग लागतात, त्यामुळे त्या लेव्हलला मोल येते. याउलट प्रत्येक पायरीला लागणारा अनुभव दुप्पट केला असता तर २४ वरून २५ वर जायला जवळपास ८४ कोटी अनुभव लागला असता. असे आकडे वाचक वाचतच नाही, नजर त्यांच्यावरून सरकून जाते.

आणखी एक पळवाट बुजवावी लागते. वैजू घरामागे रोज दगड ठेवून शंभर वेळा भार घेत आणि उतरवत बसली तर? वाचक हा प्रश्न नक्की विचारणार. म्हणून त्याच वस्तूचा भार दुसऱ्यांदा उतरवला तर अनुभव निम्मा, तिसऱ्यांदा त्याच्याही निम्मा, असा नियम सुरुवातीलाच सांगून टाकावा, आणि तोही वैजूने पळवाट करून पाहिली व ती फसली अशा छोट्या प्रसंगातून सांगावा.

माहितीची चौकट आणि प्रसंग

नायकाच्या नजरेसमोर उमटणारी माहितीची चौकट ही या प्रकाराची खूण आहे. तिच्यात पाचपेक्षा जास्त ओळी नसाव्यात. बळ, चपळाई, बुद्धी, नशीब, तेज अशी पंधरा गुणांची यादी दिली आणि त्यांतले तीनच पुढे वापरले तर उरलेले बारा वाचकाची फसवणूक करतात. वैजूची चौकट अशी आहे :

वैजयंती : लेव्हल ६
मर्यादा : १५२ किलो
अंगावरचा भार : ०
दम : ४० सेकंद
अनुभव : ५१० / ६००

यातली प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या प्रसंगात निर्णायक ठरणार असेल तरच ती चौकटीत ठेवावी. पूर्ण चौकट सारखी दाखवू नये. धावपळीच्या प्रसंगात एखादीच ओळ उमटू द्यावी. लेव्हल ७ चा प्रसंग मी असा लिहीन :

थप्पी कलली तेव्हा वखारीतले तात्या तिच्या बुडाशी वाकून सुतळी शोधत होते. वैजूने वरच्या तीन पोत्यांकडे पाहिले आणि दीडशे किलो तिच्या खांद्यांवर आले. पोती तिरकी होऊन तशीच थबकली.

‘तात्या, बाजूला व्हा.’

‘आगं थांब की, सुतळी सापडंना झालीया.’

‘तात्या, आधी हिकडं या!’

तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. फरशीवर सांडलेल्या हळदीत पाय सरकत होता. नजरेच्या कडेला अक्षरे उमटली : अंगावरचा भार १५०, मर्यादा १५२. ओटा अकरा पावलांवर होता. सहाव्या पावलाला गुडघ्यात कळ गेली, नवव्याला दमाचा आकडा सातवर आला. तिने दोन्ही तळहात ओट्याच्या दगडावर टेकवले आणि मागे थप्पी धाडकन कोसळली. तात्या तोवर तोलकाट्यापाशी पोहोचले होते.

भार उतरला. अनुभव ९८. लेव्हल ७.

तात्यांनी विस्कटलेली पोती पाहिली, मग ओट्याला टेकून बसलेल्या वैजूकडे पाहिले. ‘ती चप्पल शिवून घे आधी,’ एवढेच ते म्हणाले.

या प्रसंगात आकडे चारपाच वेळा आले आहेत, पण त्या प्रत्येकासोबत शरीराची किंवा जागेची एखादी गोष्ट आहे : चप्पल, हळद, गुडघा, ओटा. दम सातवर आला हे कळायला पावले मोजलेली असावी लागतात, आणि ओटा किती दूर आहे हे कळायला वखार लेखकाने स्वतः पाहिलेली असावी लागते. बढतीची ओळ शक्य तितकी लहान ठेवावी. तिच्या आधीची आणि नंतरची ओळ चांगली असेल तर ‘लेव्हल ७’ एवढे पुरते. तुतारी, प्रकाश आणि उद्गारचिन्हे यांची गरज पडत नाही.

प्रतिस्पर्ध्याची जोड तालमीतून शिका

सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत लेव्हलची एक जिवंत मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे कुस्तीची. जत्रेच्या मैदानात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि शेवटच्या कुस्तीला गदा असते. कोणाची जोड कोणाशी लावायची हे अनुभवी माणसे मैदानाच्या कडेला पैलवानांची अंगलट पाहून, त्यांची मागची कुस्ती आठवून ठरवतात. बरोबरीची जोड लागली नाही तर प्रेक्षक उठून जातात. कथेतही तसेच आहे. लेव्हल १२ च्या नायिकेसमोर लेव्हल ५ चा गुंड ठेवला तर तो भाग वाया जातो, आणि लेव्हल ३० चा ठेवून तिला कशीबशी जिंकवली तर आधीचा सगळा हिशेब वाया जातो.

दोनतीन लेव्हलने वरचढ असलेल्या प्रतिस्पर्ध्याला नायिकेने हरवणे मात्र शक्य आणि आवश्यक आहे, कारण अंगापिंडाने हलका पैलवान डावाच्या जोरावर भारी पैलवानाला चितपट करतो हे आपल्या वाचकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. अट एवढीच की तो डाव आधीच्या एखाद्या भागात वाचकासमोर येऊन गेलेला असावा. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे म्हणतात. लेखकानेही राखून ठेवावा, पण तो शून्यातून काढू नये. वैजूला भार उतरवताना फक्त दगड किंवा जमीन चालते, हे आपण पहिल्या भागात सांगितले आहे. विसाव्या भागात तिच्या लक्षात येऊ शकते की वाहणारे पाणी अडवून धरणारा पुलाचा खांबही दगडाचाच आहे. नियम जुनाच राहतो, वापर नवा होतो, आणि वाचकाला आपल्याला हे आधी कसे सुचले नाही असे वाटते.

खलनायकाचीही लेव्हल वाढली पाहिजे, आणि त्याचा नियम नायिकेच्या नियमाशी जोडलेला असावा. वैजूसमोर मी असा माणूस ठेवीन की जो वस्तूंचा भार दुसऱ्यांच्या अंगावर टाकू शकतो आणि तो टाकल्याबद्दलच त्याला अनुभव मिळतो. ज्यांच्या अंगावर भार पडला त्यांना सोडवण्यासाठी वैजूला तो स्वतःवर घ्यावा लागतो. अशाने दोघांच्या भेटीत वादविवादाची भाषणे लिहावी लागत नाहीत. त्यांचे मतभेद त्यांच्या नियमांतूनच दिसतात.

पराभव आणि सराव

सतत वर जाणारी रेषा वाचकाला लवकर कंटाळवाणी वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला वरच्या वजनगटात उतरून त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. लंडनमधला सहावा क्रमांक वगळला तर हेलसिंकीच्या पदकाची उंची कळत नाही, आणि मधली चार वर्षे वगळली तर ते पदक आयते मिळाल्यासारखे वाटते. तुमच्या कथेत सहावा क्रमांक कोणता आहे ते ठरवा. नायिका हरली तर ती मेहनत कमी पडली म्हणून हरली की नियम नीट ओळखला नाही म्हणून, हेही ठरवा, कारण पहिल्या हारीनंतर सरावाचा भाग येतो आणि दुसरीनंतर शोधाचा.

सरावाचे भाग लिहिताना जोर आणि बैठका यांची संख्या वाढवत नेणे हा सर्वांत निरस मार्ग आहे. तालमीत पैलवान रोज तेच करतो हे खरे, तरी लिहिताना प्रत्येक सरावात एखादी नवी अडचण किंवा नवे माणूस यावे. माती कशी मळली जाते, तिच्यात हळद, ताक आणि तेल का घालतात, वस्ताद कोणाला ओरडतो आणि कोणाला गप्प राहून शिक्षा देतो, हे पाहायला एखाद्या तालमीत पहाटे जाऊन कोपऱ्यात बसावे. तिथे मिळेल ते घरी बसून सुचणार नाही.

लेव्हल वाढत गेल्यावर फरक लहान होत जातात, आणि लहान फरकातच जास्त नाट्य असते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा अंतिम सामना १४९ विरुद्ध १४७ असा सुटला. पंधरा बाण, दीडशेपैकी गुण, आणि पूर्ण सामन्यात तिचा फक्त एक गुण गेला. त्या पातळीवर दोन गुणांचे अंतर ही मोठी दरी असते. कथेच्या उत्तरार्धात नवनव्या शक्ती देण्याऐवजी आहे त्या शक्तीतली अचूकता वाढवावी : वैजू पूर्ण पोत्याऐवजी पोत्याच्या फक्त डाव्या अर्ध्याचे वजन घ्यायला शिकते, मग शेजारी बसलेल्या माणसाला धक्का न लावता फक्त त्याच्यावर पडलेल्या तुळईचे. मर्यादेचा आकडा तोच राहतो, तरी वाचकाला वाढ जाणवते.

गाव, माणसे आणि पूर

मोठ्या महानगरातला नायक मुखवटा घालून गर्दीत हरवू शकतो. सांगलीवाडीत किंवा साताऱ्याच्या एखाद्या पेठेत हे अवघड आहे, कारण इथे चालण्यावरून माणूस ओळखला जातो आणि अनोळखी मुलीला पहिला प्रश्न ‘कुणाची गं तू?’ असा असतो. ही अडचण टाळू नका, तिच्यातून कथा काढा. वैजूचे गुपित तात्यांना कळते, मग चपला शिवणाऱ्याला, मग गल्लीतल्या दोन बायकांना, आणि हे सगळे मिळून ते बाहेर जाऊ देत नाहीत. असे गुपित मुखवट्यापेक्षा मला जास्त खरे वाटते.

सातारा जिल्ह्यात कथा घडवायची असेल तर चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, सज्जनगडाच्या पायऱ्या, अजिंक्यताऱ्याची चढण आणि कोयनेचा परिसर अशा, उंची किंवा ताकद मोजायला सोयीच्या जागा हाताशी आहेत. कोयनेतून सोडलेले पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येते आणि पुढे सांगलीला पोहोचते, त्यामुळे दोन्ही जिल्हे एका कथेत बांधणे भौगोलिकदृष्ट्याही योग्य आहे : कोयनेच्या विसर्गाची बातमी आली आणि पाणी आयर्विनपर्यंत पोहोचायला अजून काही तास आहेत, एवढ्या अवधीत तुमचे सात-आठ भाग बसतात.

पूर लिहिताना एक काळजी मनापासून घ्यावी असे मला वाटते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपल्या वाचकांनी सोसले आहेत आणि काहींनी त्यांत घरची माणसे गमावली आहेत. प्रत्यक्ष घडलेली एखादी दुर्घटना उचलून तिच्यात नायिकेला आणून ‘अनुभव १००’ अशी ओळ लिहू नये. पूर काल्पनिक वर्षाचा असावा, नदी आणि पातळीचे फूट खरे असावेत, आणि ज्या प्रसंगात कोणाचाच जीव वाचत नाही त्या प्रसंगात चौकट अजिबात उमटू नये. माझ्या मते लेखकाने स्वतःपुरता हा नियमच करून टाकावा.

भाग प्रसिद्ध करताना

मराठीत अशा कथा बहुधा मोबाइलवर क्रमशः वाचल्या जातात आणि प्रसिद्ध झालेला भाग मागे घेणे अवघड असते. म्हणून निदान दहा भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला भाग देऊ नये. सोबत हिशेबाची एक वही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक भागासमोर सुरुवातीची लेव्हल, मिळालेला अनुभव, शेवटची लेव्हल, अंगावर उरलेली दुखापत आणि तो दिवस कोणता, हे पाच रकाने भरावेत. दिवसाचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे, कारण ज्या नायिकेचे गुडघे १७ दिवस धरलेले आहेत ती पाचव्या दिवशी पुलावरून पळताना दिसली तर सर्वांत आधी ते वाचकाच्याच लक्षात येते.

हिशेबात चूक निघालीच तर ती गुपचूप बदलू नये; पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती सांगून टाकावी. वाचकांनी सुचवलेल्या पळवाटा मात्र जरूर नोंदवून ठेवाव्यात, कारण त्यांतली एखादी खलनायकाच्या हाती फार चांगली शोभते.

शेवट कोणत्या लेव्हलला करायचा हे वाढीच्या तक्त्यावरूनच ठरवावे. वैजूसाठी मी ती लेव्हल २६ धरली आहे, कारण भरलेली एसटी पेलणे ही तिच्या गावाला समजणारी सर्वांत मोठी गोष्ट आहे. २७ पासूनचे आकडे वहीत तयार असले तरी ते लिहायचे नाहीत. तुमच्या तक्त्यात अशी लेव्हल कोणती आहे ती शोधा, तिच्याखाली लाल रेघ मारा, आणि ती रेघ मारून झाल्यावरच पहिल्या भागाचे पहिले वाक्य लिहायला घ्या.